रोज आवरूनही खेळण्यांचा पसारा होतोच? आधी मोठी टोपली बाजूला करा

रात्री सगळी खेळणी टोपलीत भरावीत आणि सकाळी दहाच्या आत ती दिवाणखान्यापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पसरलेली असावीत, ही तक्रार लहान मूल असलेल्या बहुतेक घरांत ऐकू येते. तिच्यावर सहसा दोनच उपाय होतात. एक तर मुलाला ओरडलं जातं, नाहीतर आणखी मोठी टोपली आणली जाते. दोन्हींचा परिणाम आठवडाभरही टिकत नाही. पसाऱ्याचं मूळ मुलाच्या स्वभावात क्वचितच असतं. ते खेळणी ठेवण्याच्या पद्धतीत असतं, आणि ती पद्धत आपण मोठ्या माणसांनी ठरवलेली असते. तीन वर्षांच्या मुलाला पाहुण्यांसमोर ‘हा फार पसारा घालतो’ म्हणून ओळख करून दिली जाते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. त्या वयात ते लेबल फार लवकर चिकटतं.

म्हणून नवीन काही विकत घेण्याआधी एक दिवस नुसतं बघत बसा. मूल टोपलीपाशी गेलं की हात घालून एक वस्तू काढतं, की टोपली उलटी करतं? उलटी केल्यावर त्यातलं काही घेऊन खेळतं, की दोन मिनिटं चिवडून निघून जातं? संध्याकाळी आवरायला सांगितलं तर सुरुवात करून मध्येच सोडतं का? या तीन गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत.

टोपली उलटी होत असेल तर

खोल टोपलीत हलकी आणि मोठी खेळणी वर राहतात, जड आणि बारीक वस्तू तळाशी जातात. मुलाला हवी असते ती लाल गाडी किंवा भातुकलीतली पळी, आणि ती नेमकी तळाशी असते. वरून दिसत नाही, हात पोचत नाही. मग टोपली उलटी करणं हाच मुलासाठी सरळ आणि शहाणपणाचा मार्ग उरतो. कपाटाच्या तळातली एक किल्ली शोधताना आपणही सगळं बाहेर काढतोच. म्हणजे टोपली जितकी मोठी आणि खोल, तितका रोजचा पसारा मोठा. खेळणी ठेवायच्या झाकणाच्या मोठ्या पेट्या आणि प्लास्टिकचे टब यांचंही तेच. दिसायला खोली नीटनेटकी वाटते, पण ती फक्त झाकण बंद असेपर्यंत.

उपाय असा: उथळ भांडी, उघडी मांडणी आणि एका खेळाला एक भांडं. भांड्याची खोली वीतभरापेक्षा कमी असावी, म्हणजे वरून पाहिलं की तळ दिसतो. यासाठी दुकानात जावं लागत नाही. घरातले जुने ट्रे, कडा वळवलेली परात, कपड्यांच्या दुकानातून येणारे पुठ्ठ्याचे उथळ खोके, श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे रिकामे डबे सगळे चालतात. चपलांचा वापरात नसलेला लोखंडी रॅक स्वच्छ धुऊन, धारदार कडांना टेप लावून आणि भिंतीला पक्का बांधून घेतला, तर त्याच्या खालच्या दोन-तीन फळ्या मुलाच्या उंचीच्या असतात. बांधणं मात्र टाळू नका. मुलं फळीवर पाय देऊन चढतात आणि रॅक अंगावर येतो. आंब्याच्या लाकडी पेट्या काही जण वापरतात, पण त्यांत खिळे आणि कुसळं असतात. पॉलिश पेपरने घासल्याशिवाय त्या देऊ नयेत.

वर्गवारी करताना मोठी माणसं आकारावरून किंवा प्लास्टिक-लाकूड अशी करतात. मुलाच्या डोक्यात तशी वर्गवारी नसते. त्याच्यासाठी ‘दुकान-दुकान’चं सामान एक असतं: तराजू, खोटे पैसे, प्लास्टिकची भाजी आणि एक जुनी पिशवी. ते सगळं एकाच ट्रेमध्ये ठेवा, जरी त्यात कापड, लाकूड, प्लास्टिक मिसळलं तरी. भातुकली एका परातीत. ठोकळे एका खोक्यात. गाड्या एका फळीवर, रांगेत. प्रत्येक ट्रेच्या पुढच्या बाजूला आतल्या वस्तूचा फोटो किंवा साधं चित्र चिकटवा. वाचता न येणाऱ्या मुलालाही जागा कळते आणि आवरताना त्याला कुणाला विचारावं लागत नाही.

उघडी, मुलाच्या उंचीची फडताळं ही मुळात माँटेसरी पद्धतीतली मांडणी आहे, आणि महाराष्ट्रात तिची जुनी ओळख आहे. ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या तेव्हा महागडी साधनं परवडणार नव्हती. शिंपले, बिया, पानं, खडे अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंमधून त्यांनी मुलांची साधनं उभी केली. चिंचोक्यांनी भरलेली एक वाटी आणि दोन रिकाम्या वाट्या हा पाच वर्षांच्या मुलासाठी आजही पूर्ण खेळ आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला मात्र चिंचोके देऊ नयेत, ते नाकात किंवा घशात जातात.

चिवडून निघून जात असेल तर

हे खेळणी जास्त झाल्याचं लक्षण आहे. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिलं. चारच खेळणी समोर असताना मुलं एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ रमली आणि तेच खेळणं जास्त निरनिराळ्या तऱ्हांनी वापरू लागली. अभ्यास छोटा आहे. पण गावी आजोळी गेल्यावर दोन डबे आणि एका दोरीवर दुपारभर खेळणारी मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्याचं नवल वाटणार नाही.

घरातली सगळी खेळणी एकदा जमिनीवर आणा आणि सहा ते आठ ट्रेंमध्ये मावतील तेवढीच बाहेर ठेवा. बाकीची माळ्यावर किंवा कपाटाच्या वर, मुलाच्या नजरेआड. दोन-तीन आठवड्यांनी दोन ट्रे आत, दोन बाहेर. सगळं एकदम बदलू नका, मूल गोंधळतं आणि चिवडाचिवड पुन्हा सुरू होते. बाहेर ठेवताना एक बांधायचं, एक सोंग घ्यायचं, एक हाताने जुळवायचं आणि एक पळवायचं, एवढी विविधता पुरते. झोपताना कुशीत घेतलेली बाहुली किंवा रोज सोबत फिरणारा हत्ती या फेऱ्यात कधीही घालू नका. ते खेळणं राहत नाही, ते सोबती असतात.

अडचण येते ती नवी खेळणी येण्याच्या वाटेवर. वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टच्या पिशव्या, जत्रेतली शिट्टी, आत्या-मामांनी आणलेली रिमोटची गाडी. आजी-आजोबांना ‘आणू नका’ म्हणणं जड जातं आणि म्हणूही नये. त्यांना असं सांगितलेलं चालतं: ‘आई, याच्या ठोकळ्यांत चाकं नाहीत, तेवढी आणाल का?’ असलेल्या खेळात भर पडते, नवा ढीग होत नाही. कोऱ्या कागदांचा गठ्ठा, तेलखडू, गोष्टींची पुस्तकं हीही सुचवता येतात. वाढदिवसाला आलेली सगळी खेळणी त्याच रात्री फोडू नका. दोन उघडा, बाकीची माळ्यावर जाऊ द्या.

आवरायला सुरुवात करून मध्येच सोडत असेल तर

‘सगळं आवर’ हे वाक्य लहान मुलाला कळत नाही, कारण त्यात सुरुवात कुठून करायची ते नसतं. ‘गाड्या रांगेत लाव’ कळतं. ‘भातुकली परातीत घाल’ कळतं. दोन वर्षांच्या मुलाला एकच वस्तू सांगा आणि बाकीचं स्वतः करा. चार वर्षांचं मूल एक ट्रे पूर्ण आवरू शकतं. सहा-सात वर्षांचं मूल ट्रे फळीवर जागच्या जागी ठेवून वर काय हरवलं आहे तेही सांगतं. पण सोबतीला एक मोठं माणूस हवंच. स्वयंपाकघरातून दिलेल्या आवाजी सूचनांवर कुणी आवरत नाही.

वेळ ठरलेली असली की निम्मी कटकट जाते. बऱ्याच मराठी घरांत दिवेलागणीला केर काढून देवापुढे दिवा लागतो आणि शुभंकरोती होते. तिच्या आधीची दहा मिनिटं खेळण्यांसाठी ठेवा. मुलाला घड्याळ कळत नसलं तरी दिवा लागणार हे कळतं. जेवणानंतर झोपेला आलेल्या मुलाकडून आवरून घ्यायचा प्रयत्न करू नका. त्या वेळी ते रडतं आणि आपणही थकलेले असतो. ठोकळ्यांचा अर्धवट किल्ला बांधून झालेला असेल तर तो मोडायला लावू नका. एका पाटावर तसाच ठेवून पाट कोपऱ्यात सरकवा. उद्याचा खेळ तिथून सुरू होईल.

सुट्या तुकड्यांसाठी एकच डबा ठेवा. झाडताना सापडलेलं गाडीचं चाक, कोड्याचा तुकडा, बाहुलीची चप्पल सगळं त्यात. महिन्याच्या शेवटी मुलासोबत तो डबा उपसा आणि वस्तू जागी लावा. कोडी वारंवार मिसळत असतील तर प्रत्येक कोड्याला वेगळा रंग ठरवून त्याच्या सगळ्या तुकड्यांच्या मागे त्या रंगाच्या स्केचपेनने खूण करा. एका संध्याकाळचं काम आहे आणि पुढची दोन वर्षं उपयोगी पडतं.

पावसाळ्यातली वेगळी दुखणी

जून ते सप्टेंबर पसाऱ्यापेक्षा मोठी अडचण असते ती कुबट वास आणि बुरशीची. हवेतली आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरायला लागते, आणि मुंबईत, कोकणात, गोव्यात ऐन पावसात ती कितीदा तरी ८० टक्क्यांच्या पुढे असते. पहिला फटका सॉफ्ट टॉइजना बसतो. सर्दी-शिंकांचा किंवा दम्याचा त्रास असलेल्या मुलाच्या पलंगावर अशा खेळण्यांचा ढीग असू नये. एक किंवा दोन ठेवा आणि ती नीट धुतलेली ठेवा.

धुण्याची रीत: लेबल बघा, खेळणं उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा आणि मशीनमध्ये हलक्या फेरीवर टाका. धुळीतले माइट, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, मरायला पाणी ६० अंशांचं लागतं आणि इतकं गरम पाणी बऱ्याच खेळण्यांना सोसत नाही. अशा वेळी खेळणं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग साध्या पाण्यात धुवा. गारठ्याने माइट मरतात, पण त्यांचा कचरा धुतल्यावरच निघतो, म्हणून दोन्ही करावं लागतं. खरी कसोटी वाळवण्याची असते. वरून कोरडं लागलेलं अस्वल आतून दोन दिवस ओलं असतं. संततधार असताना धुवायला काढूच नका, उघडिपीची वाट पाहा. धुतल्यावर टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली टांगून ठेवा. आतल्या भरणीलाच वास लागला असेल तर शिवण उसवून भरण टाकून द्या, वरचं कापड धुऊन कडक वाळवा आणि नवं फायबर भरून शिवा. घरात शिवणकाम जाणणारी आजी असेल तर हे तासाभराचं काम आहे, आणि मुलासमोर केलं तर त्याला ते फार आवडतं. आत काळी बुरशी दिसली तर मात्र ते खेळणं ठेवू नका.

माळ्यावर बंद करून ठेवायची खेळणी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय हवाबंद डब्यात घालू नयेत, नाहीतर ओल आतच कोंडते. खोके ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. आणि एक गोष्ट मी कळकळीने सांगते: खेळण्यांच्या खोक्यात डांबराच्या गोळ्या कधीही टाकू नका. मुलाला त्या पेपरमिंटसारख्या दिसतात. त्यांतल्या नॅप्थलीनने जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ही कमतरता मुलात आहे हे बऱ्याच घरांना ठाऊकही नसतं. वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला फडक्याच्या पुरचुंडीत बांधून माळ्यावरच्या खोक्यात ठेवा आणि खेळणी खाली काढताना पुरचुंडी काढून घ्या.

लाकडी खेळण्यांचं दुखणं वेगळं. सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगवलेली फळं, बैलगाड्या आणि भातुकली पाण्यात बुडवू नयेत. किंचित ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्याने पुसा. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची गुळगुळीत, चकचकीत खेळणी लाखेची असतात. कातावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते आणि केवड्याच्या जातीच्या पानाने तिला चकाकी देतात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून या खेळण्यांवर सॅनिटायझर फवारला की रंग चिकट होतो आणि हाताला लागतो. कडक उन्हात किंवा बंद गाडीत ठेवली तरी लाख मऊ पडते. पितळी भातुकलीवर हिरवट थर आला तर चिंच आणि मिठाने घासा, खळखळून धुवा आणि लगेच कोरडी करा. आत कल्हई नसेल तर त्यात खरं ताक किंवा लिंबूसरबत घालून प्यायला देऊ नका.

आंघोळीच्या रबरी बदकांच्या पोटात साचलेल्या पाण्यात काळा बुळबुळीत थर धरतो. दाबल्यावर पाण्याबरोबर काळे कण आले तर बदक टाकून द्या. आतून ते स्वच्छ करता येत नाही. भोक नसलेली खेळणी आणा, किंवा सरळ एक वाटी आणि गाळणी द्या.

सेलवर चालणारी खेळणी माळ्यावर जाताना सेल आधी काढायचेच. पांढरी पूड दिसली तर हातमोजे घाला. अल्कलाइन सेलचा पाझर अल्कधर्मी असतो, तो व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसाने पुसा. साध्या स्वस्त पेन्सिल सेलचा पाझर आम्लधर्मी असतो, त्याला खाण्याच्या सोड्याचा ओलसर लेप लागतो. मग कोरड्या फडक्याने पुसून दिवसभर उघडं ठेवा. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नका. बिघडलेलं इलेक्ट्रॉनिक खेळणं ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या ई-कचरा नियमांत खेळण्यांचाही समावेश आहे, तेव्हा ते ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या.

घरात थोरलं आणि धाकटं दोन्ही असतील तर

इथे आवरणं म्हणजे सुरक्षितता. थोरल्याचे बारीक ठोकळे धाकट्याच्या तोंडात जातात, हे दर आठवड्याला घडणारं दुखणं आहे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी खेळण्यांच्या मानकांत एक नळी वापरतात, तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू गुदमरण्याच्या दृष्टीने धोक्याची धरतात. घरात मापायला टॉयलेट पेपरच्या रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती याहून थोडी रुंद असते, त्यामुळे चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूची होते. नळीतून आरपार जाणारं सगळं थोरल्याच्या झाकणाच्या डब्यात, उंच फळीवर. थोरल्याने ते टेबलावर बसूनच खेळायचं, जमिनीवर नाही, एवढा एक नियम करा आणि त्याचं कारण त्याला सांगा. ‘तू दादा आहेस, तुझ्या वस्तू तू सांभाळायच्या’ असं म्हणून सगळी जबाबदारी त्याच्यावर ढकलू नका. तो स्वतः पाच वर्षांचा असतो.

नवीन खेळणं घेताना आयएसआय खूण पाहा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती भारतात सक्तीची आहे. खूण नसलेलं, सेलचं झाकण नखाने उघडणारं खेळणं घरात असेल तर त्या झाकणावर मजबूत टेप लावून ते वर ठेवा, किंवा सरळ काढून टाका. गाणाऱ्या पुस्तकांत, दिव्याच्या भोवऱ्यांत आणि छोट्या रिमोटमध्ये बटण सेल असतात. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतलं अस्तर जाळू शकतो. सुटी झालेली छोटी, ताकदवान चुंबकंही तितकीच घातक. दोन गिळली गेली तर ती आतड्याच्या दोन वळ्या मध्ये धरून एकमेकांना चिकटतात.

सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी मुलाला उलटी करायला लावू नका, केळं किंवा भात भरवून बघू नका, वाट पाहू नका. एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात लगेच न्या, ‘बटण सेल गिळला असावा’ हे शब्द दारातच सांगा, आणि ते खेळणं किंवा सेलचं पाकीट सोबत ठेवा, म्हणजे डॉक्टरांना त्याचा आकार आणि प्रकार कळेल.